डीमेक की डीसेक? धडगावच्या रुग्णाने बुबुळाचं कोणतं ऑपरेशन करावं?

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन-तीन वर्षांपूर्वी झालेलं असतं. आधी छान दिसत होतं, मग डोळा हळूहळू ढगाळ झाला. आता शहरातल्या डॉक्टरांनी ‘बुबुळ बदलावं लागेल, डीसेक करू’ असं सांगितलंय. मुलगा मोबाइलवर वाचतो, व्हिडिओ बघतो आणि विचारतो, ‘डॉक्टर, डीमेक सगळ्यात भारी आहे म्हणतात. मग आमच्या आईला डीसेक का? गावाकडचे म्हणून स्वस्तातलं देतायत का?’

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. स्वस्त-महागाचा मुद्दा आधी संपवतो. डीसेकसाठी उलट एक महागडं कापण्याचं यंत्र लागतं, डीमेकला ते लागत नाही. तेव्हा डीसेक म्हणजे गरिबांचं ऑपरेशन, हा समज काढून टाका. उरलेलं उत्तर मात्र एका ओळीत मावत नाही. डीमेकचे निकाल कागदावर सर्वांत चांगले आहेत हे खरं. पण ते निकाल कोणत्या डोळ्यांवर मिळाले, आणि ऑपरेशननंतर ते रुग्ण दवाखान्यापासून किती अंतरावर राहत होते, हे पाहिल्याशिवाय ते आकडे धडगावच्या आजींना लावता येत नाहीत.

मुळात बिघडतं काय?

बुबुळावर जी पारदर्शक काच असते तिला कॉर्निया म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या काचेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्याचं नाव एंडोथेलियम. या पेशींचं काम विहिरीवरच्या मोटरसारखं आहे. डोळ्याच्या आतलं पाणी सतत कॉर्नियात झिरपत असतं, आणि या पेशी ते सतत बाहेर उपसत असतात. मोटर चालू आहे तोवर काच स्वच्छ. मोटर थकली की काच पाणी धरते, फुगते, दुधाळ होते.

तरुण माणसात या पेशी एका चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजारांच्या आसपास असतात. वयाबरोबर थोड्या थोड्या कमी होतात, आणि गेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात. संख्या साधारण पाचशेच्या खाली गेली की हे पसरणंही पुरत नाही. सकाळी उठल्यावर जास्त धूसर आणि दुपारनंतर बरं, ही तक्रार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. रात्री पापण्या मिटलेल्या असल्यामुळे पाणी उडून जात नाही, म्हणून सकाळी सूज जास्त असते. पुढे कॉर्नियावर बारीक फोड येतात, ते फुटले की डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचतं आणि पाण्याची धार लागते.

अमेरिका-युरोपात ही वेळ बहुतेक ‘फुक्स’ नावाच्या, घराण्यात चालत येणाऱ्या आजारामुळे येते. आपल्याकडे मात्र या ऑपरेशनच्या रांगेत जास्त करून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्निया सुजलेले रुग्ण असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लगेच मोतीबिंदू करणाऱ्या डॉक्टरला दोष देऊ नका. कधी हात चुकतो, नाही असं नाही. पण सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणूस बऱ्याचदा पूर्ण दिसेनासं झाल्यावरच येतो. तोवर मोतीबिंदू तपकिरी आणि दगडासारखा कडक झालेला असतो. तो फोडायला जास्त ताकद आणि जास्त वेळ लागतो, आणि त्याची किंमत या नाजूक पेशी मोजतात. ‘पिकू द्या, मग काढू’ हा जुना सल्ला आता मोडीत निघालाय. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका.

पूर्ण काच बदलायची की फक्त अस्तर?

७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी पहिलं यशस्वी बुबुळरोपण केलं. त्यात कॉर्नियाचा मधला गोल पूर्ण जाडीत कापून काढायचा आणि दात्याचा तसाच गोल तिथे शिवायचा. याला आपण पीके म्हणू. जवळजवळ शतकभर हेच एक ऑपरेशन होतं. आतलं अस्तर खराब असलं तरी अख्खी काच बदलायची. म्हणजे शर्टाच्या खिशाला भोक पडलं म्हणून शर्टच नवा शिवायचा!

१९९८ मध्ये नेदरलँड्सचे डॉ. गेरिट मेलेस यांनी फक्त मागचा थर बदलण्याची वाट दाखवली. त्यातून पुढे दोन ऑपरेशन्स रुळली. डीसेकमध्ये दात्याच्या कॉर्नियाचा आतला पेशींचा थर आणि त्यामागची थोडी जाडी, अशी चकती बसवतात. ती साधारण १०० ते २०० मायक्रॉन जाड असते, १०० पेक्षा पातळ असली तर तिला अल्ट्राथिन म्हणतात. डीमेकमध्ये फक्त पेशी आणि त्यांच्याखालचा पापुद्रा, म्हणजे सुमारे १५ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या चार-पाच पट जाड असतो. दोन्हींत छोट्या छेदातून चकती आत सरकवतात आणि खाली हवेचा किंवा गॅसचा बुडबुडा सोडून ती वर दाबून चिकटवतात. पीकेत सोळाच्या आसपास टाके असतात. इथे छेद बंद करायला एखाद-दुसरा टाका पुरतो.

डीमेकचा पापुद्रा आत गेला की विडीच्या पानासारखा गुंडाळतो. तो न फाडता, न उलटवता, डोळ्याच्या आत उलगडायचा. त्यासाठी आतलं दृश्य स्वच्छ दिसावं लागतं आणि पुढच्या कप्प्यात जागा नीट बंदिस्त असावी लागते. डीसेकची चकती जाड असल्यामुळे ऐकते.

आता आकडे

नजर कशाने चांगली येते? अमेरिकेत झालेल्या ‘डिटेक्ट’ नावाच्या चाचणीत चिठ्ठी टाकून काही डोळ्यांना अल्ट्राथिन डीसेक आणि काहींना डीमेक केलं. २०१९ मध्ये निकाल आला. तक्त्यावर डीमेकवाले सरासरी एक ते दोन ओळी जास्त वाचत होते. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या तशाच चाचणीत वर्षअखेर सरासरी नजरेत लक्षणीय फरक निघाला नाही. अगदी वरच्या दर्जाची नजर मिळालेल्यांचं प्रमाण मात्र डीमेकमध्ये जास्त होतं. दोन्ही चाचण्या पन्नासेक डोळ्यांच्या, म्हणजे लहानच. मी त्यातून एवढंच घेतो की डीमेक थोडं पुढे आहे आणि नजर लवकर देतं. पण फुगलेल्या कॉर्नियामुळे ज्यांना हाताची बोटं मोजता येत नव्हती, त्यांच्यासाठी दोन्ही ऑपरेशन्स आयुष्य बदलणारी आहेत. तांदळातले खडे दिसणं, नोट ओळखणं, अंधारात पायवाटेवरचा दगड दिसणं, यासाठी तक्त्यावरची शेवटची ओळ लागत नाही.

दुसरा आकडा मला नजरेपेक्षा महत्त्वाचा वाटतो, तो नाकारण्याचा. शरीर दात्याच्या पेशींवर हल्ला करतं त्याला रिजेक्शन म्हणतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्राने २०१२ मध्ये आपले दोन वर्षांचे आकडे छापले: पीकेत १८ टक्के, डीसेकमध्ये १२ टक्के, डीमेकमध्ये सुमारे १ टक्का. एकाच केंद्राचे आकडे आहेत, सगळीकडे इतकेच येतील असं नाही. पण क्रम सगळीकडे हाच राहतो. परका ऊतक जितका कमी, तितकं शरीर कमी चिडतं.

मग डीमेकची दुखरी बाजू कोणती? चकती सुटणं. कडा सुटली तर पुन्हा हवा भरावी लागते. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जो आढावा दिला, त्यात डीमेकनंतर सरासरी २९ टक्के डोळ्यांत पुन्हा हवा भरावी लागली होती. काही सर्जनांच्या हातात हे प्रमाण दोन-तीन टक्के, काहींच्या हातात निम्म्याहून कितीतरी जास्त. डीसेकच्या अशाच आढाव्यात चकती सुटण्याची सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास होती. हा प्रकार बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत होतो आणि वेळेत लक्षात आला तर पाच-दहा मिनिटांत सुधारता येतो. वेळेत नाही आला तर एवढ्या मुश्किलीने मिळालेलं नेत्रदान वाया जातं.

आणि एक आकडा असा आहे जो कोणी विचारतच नाही. अमेरिकेतल्या कॉर्निया डोनर स्टडीत पीके केलेल्या रुग्णांना दहा वर्षं पाहिलं. फुक्सच्या रुग्णांत २० टक्के रोपणं निकामी झाली, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्निया सुजलेल्यांत ३७ टक्के. ऑपरेशन तेच, पण डोळा आधी किती त्रासलेला आहे त्यावर निकाल जवळजवळ दुपटीने बदलला. डीमेकचे चकचकीत आकडे मुख्यत्वे फुक्सच्या रुग्णांवरचे आहेत. आपल्याकडचा रुग्ण दुसऱ्या गटातला. म्हणून मोबाइलवर वाचलेली टक्केवारी स्वतःच्या आईला जशीच्या तशी लावू नका.

आता धडगावकडे वळू

समजा आजी अक्राणीतल्या एखाद्या पाड्यावर राहतात. पाड्यावरून धडगावला यायलाच अर्धा दिवस. तिथून घाट उतरून शहादा किंवा तळोदा, मग नंदुरबार. कॉर्नियाचं ऑपरेशन करायचं तर बहुतेकदा त्याहीपुढे, धुळे-नाशिक-पुणे-मुंबईकडे किंवा गुजरातेत. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तो रस्ता बंद. दिवाळीनंतर घरातली कमावती माणसं ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. मधल्या काळात आजींच्या डोळ्यात थेंब कोण घालणार, हा वैद्यकीय प्रश्न आहे. घरगुती म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही.

अशा रुग्णाबद्दल एक मत सर्रास ऐकू येतं: ‘लांबचे लोक आहेत, पुन्हा पुन्हा येणार नाहीत, त्यांना सरळ जुनं पीके करा. शिवून टाकलं की सुटण्याची भानगड नाही.’ मला हे मत पटत नाही. पीके हेच सर्वांत जास्त वर्षं दवाखान्याशी बांधून ठेवणारं ऑपरेशन आहे. टाके वर्ष-दीड वर्ष राहतात. त्यातला एखादा सैल झाला की त्यावर जंतू बसतात, आणि दोन दिवस उशीर झाला तर डोळा हातचा जातो. टाके काढल्यावरही वाकडा नंबर राहतो, तो साध्या चष्म्याने पुरता निघत नाही. शिवाय ती जखम मूळच्या ताकदीची कधीच होत नाही. लाकडं फोडताना ढलपी लागली, बैलाचं शिंग लागलं, पाय घसरून पडणं झालं, तर वर्षांनंतरही जखम उघडून डोळ्यातलं सगळं बाहेर येऊ शकतं. डोंगरात राबणाऱ्या माणसाला हा धोका शहरातल्या माणसापेक्षा जास्त. कॉर्नियावर खोल पांढरा डाग पडला असेल, ज्याला आपण फूल पडलं म्हणतो, तर पीकेला पर्याय नसतो. पण नुसतं अस्तर खराब असताना केवळ अंतराच्या कारणाने पीके सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

राहिले डीसेक आणि डीमेक. इथे मी हिशेब असा करतो: डीमेकचा त्रास सुरुवातीला, डीसेकचा नंतर. डीमेकमध्ये पहिले पंधरा दिवस जोखमीचे. दोन-तीन दिवस उताणं, छताकडे बघत पडून राहायचं, जेवण आणि शौचापुरतंच उठायचं. मग चकती चिकटली की नाही हे वारंवार बघायचं. हे दिवस सुखरूप गेले की पुढे रिजेक्शनची भीती फार कमी, आणि थेंबही सौम्य चालतात. डीसेकमध्ये सुरुवात तुलनेने निवांत, पण स्टेरॉइडचे थेंब कमी-जास्त प्रमाणात वर्षानुवर्षं चालू ठेवावे लागतात, आणि त्यांनी डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होत नाही ना, हे तपासत राहावं लागतं.

थेंब बंद केले तर? डीमेकनंतर वर्षभराने स्टेरॉइड पूर्ण थांबवलेल्या रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास आहे. पुढच्या वर्षात त्यांच्यातल्या सुमारे ६ टक्क्यांना रिजेक्शन झालं. थेंब चालू ठेवलेल्यांत एकालाही नाही. म्हणजे डीमेकमध्येही थेंब सोडू नयेतच. पण सुटलेच, तरी बहुतेकांचा डोळा वाचतो.

म्हणून माझं मत लोकांच्या अंदाजाच्या उलट आहे. आजींचा डोळा बाकी ठीक असेल आणि दवाखान्याजवळ पंधरा दिवस राहायची सोय होत असेल, तर लांबच्या रुग्णाला डीमेक जास्त हिताचं आहे. ज्याला सहा महिन्यांनी थेंब मिळतील याची खात्री नाही, त्याला कमी रिजेक्शनचं ऑपरेशन हवं. पंधरा दिवसांची सोय होणार नसेल, तर पातळ चकतीचं डीसेक. डोळा गुंतागुंतीचा असेल तरीही डीसेकच: मोतीबिंदूच्या वेळी मागचा पडदा फाटून लेन्स पुढच्या कप्प्यात बसवलेली आहे, काचबिंदूची नळी टाकलेली आहे, किंवा कॉर्निया इतका ढगाळ आहे की आतलं दिसत नाही. अशा डोळ्यात डीमेकचा हट्ट करणारा नातेवाईक आणि तो पुरवणारा डॉक्टर, दोघेही पेशंटचं नुकसान करतात.

सर्जनचा हातही मोजा. महिन्याला दहा डीसेक करणाऱ्याचं डीसेक हे वर्षाला चार डीमेक करणाऱ्याच्या डीमेकपेक्षा चांगलं. ‘तुम्ही हे ऑपरेशन किती केलीत? किती जणांना पुन्हा हवा भरावी लागते?’ असं विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

पंधरा दिवसांची सोय ही रुग्णाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणं मात्र मला अन्यायाचं वाटतं. ऑपरेशनचा खर्च योजनेत बसला, तरी शहरातली खोली, दोन माणसांचं जेवण आणि बुडालेली मजुरी कोण देणार? रोपण करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने लांबच्या रुग्णासाठी दोन आठवड्यांची खाट आणि सोबत्याला जेवण हा ऑपरेशनचाच भाग मानावा. डिस्चार्जच्या सूचना पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाकडून समजावून द्याव्यात. आजींना मराठी कागद वाचून दाखवून ‘समजलं ना?’ विचारलं, की त्या मान हलवणारच.

वेळ कधीची निवडायची? दात्याचा कॉर्निया आधुनिक द्रावणात चौदा दिवसांपर्यंत टिकवता येतो, त्यामुळे पूर्वीसारखं ‘आत्ता निघा’ असं दरवेळी नसतं. नेत्रपेढीच्या यादीत नाव घालतानाच सांगा, की होळी ते पावसाळा हा काळ आम्हाला सोयीचा: रस्ता चालू असतो, घरची माणसं घरी असतात. डोळ्यात बुडबुडा आहे तोवर घाट चढायचा नाही, असं मी सांगतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. साधी हवा काही दिवसांत विरते, गॅसला आठवडा-दहा दिवस लागतात. नक्की कधी निघायचं ते ऑपरेशन करणाऱ्यांना विचारूनच ठरवा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

घरी गेल्यावर चार लक्षणं पाठ करून ठेवा: डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, दिसणं कमी होणं, दुखणं. यातलं एकही दिसलं तर भगताकडे किंवा मेडिकलवाल्याकडे जाऊन थेंब मागू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा, त्याच दिवशी. रिजेक्शन लवकर पकडलं तर बऱ्याचदा नुसत्या थेंबांनी परतवता येतं. आणि थेंबांची रिकामी बाटली फेकू नका. नाव लिहिलेली ती बाटली पिशवीत ठेवा, म्हणजे धडगावच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही लगेच कळेल की या डोळ्यात काय चालू आहे.